जुलाब, सिंगापूर आणि माझं सेवापुस्तक

चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला अजून यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही. चुका सगळेच करतात हो. पण एकाच फोटोत दोन सरकारी गुन्हे करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? बघून घ्या, तुमच्यासमोर बसलाय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर पडेगावात, शाळा गंगापूर तालुक्यात. रोज जीपमध्ये अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, असं करत सव्वीस वर्षं नोकरी झाली. पण सेवापुस्तक कसं? कोरं करकरीत! आम्हा नोकरदारांचा सगळा जन्म त्या पुस्तकात लिहिलेला असतो. त्यात एक वाईट शेरा पडला की बढतीचा विषय संपला. आणि माझं नाव यंदा मुख्याध्यापकपदाच्या यादीत होतं. सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते अगदी हाताशी आलेलं. अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? घरात गप बसावं. मी काय केलं? हॉटेलात गेलो.

हॉटेल म्हणजे आपल्या शहराच्या जुन्या विमानतळाची इमारत. लहानपणी वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं न्यायचे. तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही विमान बघायचो. विमान यायला दोन तास, शेंगदाण्याची पुडी एकच. पुढं नवं विमानतळ झालं, जुनी इमारत ओस पडली, आणि आता कुणीतरी तिचं जुन्या थाटाचं हॉटेल केलंय. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मी बायकोला म्हणालो, "सुनंदा, जन्मभर बाहेरून बघितलं. चल, एकदा आत जाऊ."

पण लग्नाचा वाढदिवस आला नेमका शुक्रवारी. किरकोळ रजा सगळ्या सोयरिकीत आणि मयतीत संपलेल्या. मग राहिला आजारपणाचा अर्ज. आता आजार कुठला लिहायचा? ताप लिहिला तर मुख्याध्यापक घरी बघायला येतात. कंबरदुखी लिहिली तर अख्खा स्टाफ तेल सुचवतो. मी लिहिलं, जुलाब. जुलाबाच्या खोलात कुणी शिरत नाही! शुक्रवारी जुलाब, शनिवारी जुलाब, रविवारी सुट्टी. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की काय विचारता.

आणि हॉटेल काय केलंय म्हणता! तिकीट खिडकीवर खोलीची चावी मिळते. तुमची बॅग आधी जुन्या काट्यावर चढवतात, मोठा काटा थरथरत फिरतो, मग पावती. भिंतीवर जुनी घड्याळं, बसायला जुने लाल कोच, आणि भोंग्यातून बाईचा आवाज, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, नाश्ता तयार आहे." पहिल्यांदा तर मी बॅग उचलून रांगेत उभा राहिलो. मागं हिरवळीवर विमानाची खरी शिडी आहे. विमान नाही, नुसती शिडी. चढायचं, वरून हात हलवायचा, उतरायचं. सुनंदा तीनदा चढली. मला वडिलांची ती सायकल आठवली.

तिथं एक मोठा काळा फलक आहे. त्यावर पांढरी अक्षरं बसवून सुटणाऱ्या विमानाचं गाव लिहितात. फोटोसाठी तुम्ही म्हणाल ते गाव लावून देतात. टोपीवाल्या माणसानं विचारलं, "मॅडम, किधर जाना है?"

सुनंदा एका क्षणात म्हणाली, "सिंगापूर टाका."

का सिंगापूर? तिच्या मामेबहिणीची जाऊ तिथं जाऊन आलेली आणि सहा महिने तेच सांगत होती. झालं! वर सिंगापूर, खाली आम्ही दोघं. मी पुतण्याच्या लग्नातल्या सुटात, हातात बॅग. सुनंदाच्या डोळ्यांवर गॉगल. फोटो तिनं लगेच माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. 'हॉटेल' एवढं लिहिलं असतं तरी मी वाचलो असतो!

सोमवारी सकाळी जीपवाला म्हणाला, "गुरुजी, लगेच आलाव व्हय?"

मला वाटलं, जुलाबातून बरा झालो म्हणून विचारतोय. मी म्हणालो, "हो, आता बरंय." आणि शाळेच्या फाट्यावर उतरलो. समोर बघतो तर काय? वीस फुटी बॅनर! एक भलंमोठं विमान आणि विमानाच्या नाकाच्या जागी माझं तोंड. 'आमचे लाडके दाजी यांची सिंगापूर दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निवड? अहो, कुणी निवडलं मला? खाली गॉगल लावलेले अकरा शुभेच्छुक, आणि मधोमध माझा मेहुणा संतोष.

हा संतोष पाचोडला असतो. तो कार्यकर्ता आहे. कुणाचा, ते दर निवडणुकीला बदलतं. मी फोन लावला.

"जय भीम दाजी! पाह्यला का बॅनर? लई भारी झालाय ना?"

"जय भीम. अरे, कुणी सांगितलं तुला हे?"

"ताईनं फोटो टाकला की! पाचोडलाबी लावलाय. तिथला तर याच्याहून मोठाय, बाजाराच्या तोंडाशी."

"संतोष, आत्ताच्या आत्ता उतरव."

"उतरवला तर लोक काय म्हणतील दाजी? गेलतेच नाय म्हणतील."

"अरे, मी गेलोच नाही!"

"दाजी, तुम्ही लई साधे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग मी भेटेल त्याला खरं सांगत सुटलो. कुणी ऐकायला तयार असेल तर शप्पथ! पारावर काशिनाथ आबा भेटले. "गुरुजी, तिकडं कापसाला काय भाव हाय?"

"आबा, मी कुठंच गेलो नव्हतो. ते हॉटेल होतं."

आबांनी मला खालीवर न्याहाळलं. म्हणाले, "नसंल सांगायचा तर ऱ्हाऊ द्या." आणि तोंड फिरवून बसले. इतक्या वर्षांची ओळख!

शाळेत मुख्याध्यापक दारातच उभे. "काय सर, थांबले का जुलाब?"

"थांबले सर."

"सिंगापूरचं पाणी मानवलं म्हणायचं!"

इथवर सगळं चालून गेलं असतं. पण मंगळवारी गटशिक्षणाधिकारी मॅडमची गाडी फाट्यावरून गेली. गेली ती गेली, आणि उलटी मागं आली. बॅनरसमोर थांबली. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होतो. पाढे म्हणणारी पोरं पुढं गेली, मी सातवर अडकलो.

दुसऱ्या दिवशी नोटीस हातात. तुम्हाला ठाऊक नसेल, पण आम्हा लोकांना परदेशात जायचं तर आधी खात्याची लेखी परवानगी लागते. 'विनापरवानगी परदेश प्रवास केल्याबद्दल आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत समक्ष हजर राहून सादर करावा. सोबत पासपोर्टची प्रत जोडावी.'

पासपोर्ट! अहो, मी पासपोर्ट कधी जवळून पाहिलेला नाही. नसलेल्या पासपोर्टची झेरॉक्स कुठून काढणार? आणि एखाद्या ठिकाणी आपण गेलो नाही, याचा पुरावा कुठं मिळतो, सांगा ना मला!

एकच पुरावा होता, हॉटेलची पावती. त्यावर नाव, तारीख, सगळं ठळक. पण तारीख कुठली? जुलाबाची! म्हणजे परदेशात नव्हतो हे सिद्ध केलं, की आजारी नव्हतो हेही सिद्ध. खोटी रजा, लेखी, माझ्याच सहीनं. बरं, आजारीच होतो म्हणावं, तर फोटोतला मी जुलाब झालेला माणूस अजिबात दिसत नव्हतो. जन्मात माझा एवढा टवटवीत फोटो आलेला नाही. इकडून गेलो तरी बढती जाणार, तिकडून गेलो तरी जाणार.

पडेगावातल्या आमच्या डॉक्टरांकडं गेलो. म्हणालो, "जुलाबाचं सर्टिफिकेट मिळेल का?"

ते म्हणाले, "सर, दिलं असतं हो. पण तुमचा तो फोटो फिरत फिरत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, त्याला माझ्या बायकोनं अंगठा दाखवलाय, आणि खाली मीपण लिहिलंय, शुभ प्रवास."

घरी आलो तर सुनंदाचं वेगळंच. "गेलो होतो म्हणून टाका ना एकदाचं! पाचोडात सगळ्या बाया मला फोन करायल्यात, सिंगापूरची साडी दाखव म्हणून."

"अगं, माझी नोकरी जाईल!"

"आणि माझी इज्जत?"

दोन दिवस घास उतरला नाही. आणि खोटं नाही सांगत, तिसऱ्या दिवशी मला खरोखरचे जुलाब लागले. आता बोला! सांगायची सोय होती का कुणाला?

तशाच अवस्थेत गंगापूरला पंचायत समितीत पोचलो. मॅडम समोर, बाजूला क्लार्क, मागं कामासाठी आलेले पाच-सहा शिक्षक कान टवकारून उभे. एका बाकावर तर आमचेच मुख्याध्यापक.

"सिंगापूरला गेला होतात?"

"नाही मॅडम."

"मग गावभर फिरलेला हा फोटो?"

"हॉटेलातला आहे. आपलं जुनं विमानतळ आहे ना, तिथलं."

"कधीचा?"

"गेल्या शुक्रवारचा."

मॅडमनी फाइल उघडली. पान उलटलं. "शुक्रवारी तर तुम्हाला जुलाब होते."

मागं कुणीतरी खोकल्याचं नाटक करत हसलं. वाटलं, संपलं सगळं. सव्वीस वर्षं, रोजची जीप, सगळं मातीत. आणि मग कसं कुणास ठाऊक, तोंडातून खरं बाहेर पडलं ते थांबेचना.

"मॅडम, आजारी नव्हतो. खोटं लिहिलं, चुकलो. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली हो. एवढ्या वर्षांत बायकोला मी कुठं म्हणजे कुठंच नेलं नाही. एकदा वेरूळला नेलं, तेही शाळेच्या सहलीबरोबर, आणि दिवसभर पोरांची मोजदाद तिच्याकडून करून घेतली. त्या दिवशी ती त्या नुसत्या शिडीवर तीन वेळा चढली आणि वरून हात हलवला. खाली मी एकटाच होतो. मला फार लाज वाटली. तिनं सिंगापूर म्हटलं, मला नाही म्हणवलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडं न बघता क्लार्कला म्हणाल्या, "दोन दिवस बिनपगारी करा. तो जुलाबाचा अर्ज यांना परत द्या, माझ्या फाइलीत नको. पण हा फोटो उद्या बढतीच्या वेळी कुणीतरी माझ्या टेबलावर आणून टाकणारच. तेव्हा सेवापुस्तकात स्पष्ट नोंद घ्या."

क्लार्कनं तिथल्या तिथं नोंद केली, शिक्का मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. 'सदर शिक्षक व त्यांच्या पत्नी हे सिंगापूर अथवा अन्य कोणत्याही देशात कधीही गेलेले नसल्याची या कार्यालयाने खात्री केली आहे.'

नोकरी वाचली. बढतीही वाचली. आनंदाच्या भरात मी जीपच्या टपावरून उडी मारायचा तेवढा राहिलो! मॅडमच्या हातापाया पडून त्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढला आणि धावतपळत घरी आलो. सुनंदा ओट्यावर हरभरे सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं आणि ती नोंद मोठ्यानं, अगदी शिक्क्यासकट वाचून दाखवली.

तिनं हातातला घाटा फोडला. म्हणाली, "बरं झालं. पंचवीस वर्षं मी एकटीच ओरडत होते. आता सरकारनंच लिहून दिलं, यांनी बायकोला कुठंच नेलं नाही."