पडद्याअलीकडं मी

"नवऱ्याशिवाय आणखी किती जणांकडे जातेस?"

डॉक्टरीणबाईनं मोठ्यानं विचारलं. मंचरचा दवाखाना. मी टेबलावर, कमरेखाली उघडी. मधी नुसता हिरवा पडदा. पलीकडं बाकड्यावर आमच्याच गावच्या बाया.

"कुणाकडं न्हाई," मी म्हणलं. आवाज मलाच ऐकू आला न्हाई.

"तुमच्या वस्तीत हे चालतंच. स्वच्छता पाळत नाही, मग असं होतं."

पलीकडं कुणीतरी खुदकन हसलं. हसली तिचाच नंबर माझ्यामागं व्हता. तिलाबी तेच विचारलं. मग कुणी हसलं न्हाई.

राजुरीत बायांचं तपासणी शिबिर झालं व्हतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूनं व्हतो, तो काही जणींत सापडला. त्यांना पुढच्या तपासणीला मंचरला धाडलं. गाडी मालकीणबाईची. तिच्या मळ्यात मी कांदा निवडायला जाते. तिच्यातबी विषाणू सापडलेला. तिची तपासणी मात्र आतल्या खोलीत. दार लावून. बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाई तिला म्हणाली, "वहिनी, काळजी करू नका हं. कुणालाही होतं."

मी ते ऐकलं. तरी मला राग आला न्हाई. लाजच वाटली. लई लाज.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई मळ्यात म्हणाली, "तू आमच्या संडासात जाऊ नकोस आता. घरात लेकीसुना आहेत." मी मान हलवली. उसात गेले. घरी माझे कपडे वेगळे धुतले. रात्री लेक कुशीत शिरायला लागली, तिला ढकललं. ती रडली. का ढकललं ते सांगता येईना.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं खाली बघितलं अन् भाईर निघून गेला. त्याला कुणी काय विचारलं न्हाई.

घरोघरी आरोग्याचं बघत फिरणाऱ्या आमच्या आशाताईला मी रडत रडत विचारलं, "मी काय पाप केलं गं?"

ती म्हणाली, "येडी का तू? ह्यो विषाणू कुणालाबी व्हतो. बहुतेक बायांना नवऱ्याकडनंच येतो. हागण्यामुतण्यातनं, कपड्यातनं पसरत न्हाई. कॅन्सर व्हायच्या आधी सापडलंय तुझं. उपचार घे, बरी व्हशील."

त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला.

उपचाराला परत मंचरला गेले. तोच पडदा. पलीकडं बाया. डॉक्टरीणबाई म्हणाली, "चल, झोप लवकर. साडी वर घे."

मी उभीच. "आतल्या खोलीत घ्या. दार लावा."

"इथं सगळ्यांचं इथंच होतं."

"मालकीणबाईंचं आत झालं. तुमी तिला येगळं बोललात, मला येगळं बोललात. आजार एकच हाय ना बाई?"

ती लाल झाली. "एवढा मान पाहिजे तर दुसरीकडे जा."

गेले. जुन्नरला सरकारी दवाखान्यात उपचार झाले. तिथं माझ्या अंगावर चादर टाकली. मला 'ताई' म्हणले. तेवढ्यानं मी टेबलावर पडल्या पडल्या हुंदके देऊन रडले.

लाज गेली असं सांगत न्हाई. अजून आळेफाट्याला त्या बाकड्यावरची एखादी दिसली की मान खाली जाती. मंचरला बोलले ते कानावर गेलं अन् मालकीणबाईचा मळा सुटला. दुसरीकडं लांब जावं लागतं.

लेक चौदाची. तिला ह्या विषाणूवरची लस द्यायची ठरवली तर सासू म्हणाली, "लोक इचारतील, पोरीनं काय केलंय म्हणून. लगीन कोण करील?"

मी लेकीला घेऊन गेले. लस टोचली. परत येताना एसटीत शेजारणीनं विचारलंच, "कशाची गं सुई?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड तापलं. पण सांगितलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं. "गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. मला त्याचा विषाणू झालाय. तिला व्हऊ नये म्हणून."

गाडीतल्या माना वळल्या. वळू देत. मी लाजत लाजत बोलंन, पण बोलंन. माझी लाज माझ्या लेकीच्या अंगावर चढू देणार न्हाई.