खालून येणारा इशारा

पत्नी गेल्यानंतर काल पहिल्यांदा तिचे कपाट उघडले. साड्यांखाली माझे जुने हातमोजे होते. त्यांना अजून ग्रीसचा वास येत होता, आणि जुनवानीच्या शाळेतला माझा पहिला तास आठवला.

त्याआधी मी कारखान्यात क्रेन चालवायचो. उंच केबिनमध्ये दिवसभर एकटा. खालचा माणूस हातांनी इशारे करी, बोलणे नसेच. बी.एड. केले ते तिच्या हट्टाने. नोकरी सोडून शाळेत आलो, तर वर्गाच्या गोंधळात माझा आवाजच फुटेना. परतीची वाट उरली नव्हती. नकळत मी हात आडवा पसरला आणि तळवा खाली करून हलवला. क्रेन थांबवायचा इशारा.

"ए चुप! सर रुकने बोल रहे हैं. मेरे पापा भी ऐसाच करते हैं," पुढच्या बाकावरची, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी ओरडली. मुले हसली, मग ऐकू लागली.

संध्याकाळी पत्नीने पोळ्या लाटता लाटता विचारले, "काय जी, निघाला का आवाज?" मी दारातूनच तो इशारा केला. हे इशारे तिला मीच शिकवले होते. तिने पिठाचे बोट वर करून गोल फिरवले, म्हणजे उचला; तेव्हाच मी आत आलो. पुढे रोज शाळेतून आलो की आमचे हेच चाले.

तेव्हा वाटले होते, मला त्या वर्गाने मास्तर केले.

आज शाळेतून आल्यावर दारात हात आडवा पसरला. खालून इशारा आल्याशिवाय क्रेन हलवायची नाही, असा कारखान्यात आमचा नियम होता. बराच वेळ उंबरा ओलांडता आला नाही.