चढाला पुढे सरा

१९३० नंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या अंथुर्णे गावच्या माळावर एक लहान विमान उतरलं. लोकांना वर फिरवून आणणं हा त्याच्या वैमानिकाचा धंदा होता. मी पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून गेलो. माझे चुलते तात्या हट्टाने बरोबर चढले, शिवाय दोन शेजारी.

आतली जागा पेटीएवढी. वेताच्या दोन बाकांवर दोघं-दोघं समोरासमोर. गुडघे एकमेकांना घासत होते, फेटे छताला टेकत होते. वैमानिक पुढे नव्हताच. तो आमच्या मागे, भिंतीपलीकडे उघड्यावर बसला होता. भिंतीत एक झरोका होता.

"हाकणारा मागं? मग म्होरं कोण बघणार?" एका शेजाऱ्याने विचारलं.

"तुझा फेटा बघून हाकंल त्यो," तात्या म्हणाले.

विमान उडालं आणि नाक वर झालं. आमच्याकडे बैलगाडी चढाला लागली की माणसं पुढे सरकतात. नाहीतर मागच्या वजनाने गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो.

"उलाळतीया! म्होरं सरा!" तात्या ओरडले. ते आणि त्यांच्या शेजारचा, दोघेही आम्हा समोरच्यांच्या अंगावर आले.

नाक खाली गेलं. खिडकीत आभाळ होतं तिथे ऊस दिसू लागला. झरोक्यातून वैमानिकाचं उघडं तोंड दिसत होतं. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. मी दोघांना ढकलून मागच्या बाकावर बसवलं. विमान हळूहळू वर आलं.

उतरलो तेव्हा चाकात उसाची पाती अडकली होती. वैमानिकाचे ओठ पांढरे पडले होते.

तात्या मात्र खुशीत होते. पुढच्या खेपेला चुलती बसणार होत्या. तात्या त्यांना आणि बाकीच्यांना बजावत होते, "चढ लागला की समदी म्होरं सरा. आमी सरलो म्हून तर वाचलो."

"मला शिकवताय व्हय? जलम गाडीत गेला माजा," म्हणत चुलतींनी पायरीवर पाय ठेवला.

वैमानिकाला मराठी येत नव्हतं. म्हातारा काय सांगतोय, त्याने मला हिंदीत विचारलं. मी सांगितलं. त्याने चुलतींच्या समोरच दार लावलं आणि इंजिन बंद केलं.

"सोता हिंडून आला," चुलती तात्यांवर कडाडल्या, "आन् माज्या पाळीला बंद!"