बारीक चाळलेली राख

समुद्रकाठी आपल्या गावी, दांडीला होती तोवर सांडपाणी पुढं कुठं जातं हा प्रश्न जमना तामोरेला पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. मागचं दार उघडायचं, पाणी वाळूत फेकायचं, दार लावायचं. वाळू पाणी पिऊन टाकायची आणि उरलंसुरलं मांजरं बघून घ्यायची. बोईसरजवळ सालवडला मुलाच्या खोलीवर राहायला आल्यावर मात्र तिला कळलं, की पाण्याला आवाज असतो. पहिल्या मजल्यावरच्या मोरीतून ते गुडगुडत खाली उतरायचं, बाईंच्या स्वयंपाकघराच्या छताखालून आडवं चालायचं आणि मग भिंतीबाहेर पडायचं. भांडी घासून झाली की जमना मोरीशी उकिडवी बसून कान लावायची. गुड, गुड, गुडुक, सूंऽऽ. गेलं! मगच ती उठायची.

बाई म्हणजे घरमालकीण चंद्रकांताबाई. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्त फक्त शाळेतून, बोलणं अजून फळ्यासमोरचंच. खोली दिली त्या दिवशी त्यांनी जमनाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं करून पाठ दिला होता.

"जमनाबाई, मासळी खा. रोज खा. मला वासाचं काही नाही. पण वरच्या मोरीचा पाईप कुणाच्या डोक्यावरून जातो? माझ्या. तुंबला तर पाणी कुणाच्या पिठात पडणार? माझ्या. मग मोरीत काय टाकायचं नाही? खवले टाकायचे नाहीत. काथ्या टाकायचा नाही. राख टाकायची नाही. ज्या दिवशी मोरी तुंबेल त्या दिवशी खोली रिकामी. कळलं?"

प्रश्नही त्याच, उत्तरंही त्याच. समोरच्यानं फक्त मान हलवायची. जमनानं हलवली.

ही नुसती धमकी नव्हती. आधीच्या बिऱ्हाडाला मोरीपायीच आठ दिवसांत जावं लागलं होतं, असं मागच्या चाळीतला रामबचन सांगायचा. आणि ही खोली जाऊन चालणार नव्हतं. सून हंसा आठव्या महिन्यात होती. पहिल्या खेपेला दांडीत अडली, गाडी मिळेमिळेपर्यंत उशीर झाला आणि पोर हाती लागलं नाही. म्हणून तर वामननं, जमनाच्या मुलानं, कंपनीत कायम झाल्याझाल्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर ही खोली धरली होती. दुसरी खोली शोधायला वेळ नव्हता. जमना रोज बोटांवर दिवस मोजायची आणि रोज मोरीला कान लावायची.

खवल्यांचं तिनं तंतोतंत पाळलं. मासळी बाजारातूनच साफ करून आणायची. घरात एक खवला सापडला तर हंसालाच दटावायची, "अगो, ह्यो कुठला? तुज्या पदराला चिकटून आला नं? उचल, उचल, कागदात बांध!"

पण राख? राखेवाचून भांडं निघतं कुठं? नारळ घातलेल्या कालवणाचा टोप, तळाला तेलाचा थर, ते पावडरीनं निघेल? तिच्या मते राख ही घाण नव्हतीच. राख घाण काढते, ती घाण कशी असेल? तरीही बाईंचा धाक होता. म्हणून जमनानं मधला मार्ग काढला. दर पंधरवड्याला दांडीहून सुरूच्या लाकडांची राख पिशवीतून आणायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून चाळून घ्यायची. एकदा नव्हे, दोनदा. मैद्यासारखी झाली की बोटांत चोळून बघायची आणि स्वतःचंच समाधान करायची, "ही काय अडकते? ही तर पाण्यात पाणी होते." काथ्याही तिनं टाकला नव्हता, नुसता वापरला होता. त्याचे केस झडत होते ते तिला दिसत नव्हते. आणि वर रोज भाताची ऊन ऊन पेज ओतायची, पाईप धुतला जावा म्हणून.

सोमवारी मोरीनं 'सूं' केलं नाही.

गुड, गुड, आणि मग नुसतीच शांतता. पाणी गेलं, पण सावकाश, जायची इच्छा नसल्यासारखं. मंगळवारी ते जाळीवर अर्धा तास उभं राहिलं. बुधवारी जमनानं छत्रीची काडी घालून पाहिली. काडी थोडी आत गेली आणि वाकडी होऊन बाहेर आली. मग भांडी टोपलीत भरून ती मागच्या अंगणातल्या नळावर घासायला बसली. तर खिडकीत बाई हजर.

"जमनाबाई, आज खाली?"

"उन्हाला बसलेय बाई. पाठ धरली हाय."

"पाठ धरली असेल तर वाकून भांडी घासावीत का?"

उत्तर बाई स्वतःच देतील म्हणून जमना थांबली. पण या वेळी बाई नुसत्याच बघत राहिल्या. जमनानं टोप उचलून त्यांच्याकडे पाठ केली.

वामनला सांगावं तर तो जास्तीच्या पाळ्या करून यायचा आणि ताटावरच पेंगायचा. हंसाला सांगावं तर तिला कशाला घोर? शेवटी गुरुवारी सकाळी, वामन कामावर गेल्यावर, जमनानं नळावर भेटलेल्या रामबचनच्या कानात सांगितलं. तो वामनच्याच कंपनीत होता. ऐकून तो असा हसला, की जमनाला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

"अरे माताजी! इतनी सी बात! हम हैं ना!"

तो खोलीत गेला आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा घेऊन आला. आत पांढऱ्या चकत्या, साबणाच्या चुऱ्यासारख्या. बोईसरला कुणाच्या घरी कशाचंही अडलं की कंपनीतून आणलेलं काहीतरी निघायचंच. कुणाकडे डाग काढायचं, कुणाकडे गंज काढायचं.

"कास्टिक सोडा है। दो मुट्ठी डालो, ऊपर से पानी, बस, खल्लास!" मग एकदम आवाज खाली आणून, "लेकिन हाथ मत लगाना माताजी। और आँख बचाके। हमारे पिलाँट में एक आदमी की आँख गई है, एक छींटे से।"

जमनानं करवंटीनं चकत्या टाकल्या. दोन मुठी म्हणाला होता, तिनं भीतीपोटी चार टाकल्या. वरून पाणी ओतलं. मोरी खदखदली, वाफ आली, घशात काहीतरी ओरबाडलं. तिनं दार लोटून घेतलं आणि पदर तोंडावर धरून वाट बघत बसली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पाणी जाळीवर तसंच, आता दुधाळ, बोट घालायची सोय नाही.

"आई, कसला वास गो?" आतून हंसानं विचारलं.

"कंपन्यांचा. वारं फिरलंय. तू पडून ऱ्हा."

तेवढ्यात खालून आवाज आला. फरशीवरून स्टूल ओढल्याचा. खर्रर्र.

मग बाईंचा आवाज, वर्गातला, मजला पार करून येणारा. "एकनाथ, हा डाग काल नव्हता. आज आहे. म्हणजे पाणी कुठून आलं?"

"वरून," दुसरा आवाज म्हणाला. एकनाथचा. बोईसरात अर्ध्या घरांचे नळ आणि मोऱ्या बघणारा तो डोंगरपट्टीकडचा माणूस. एक शब्द बोलला की दुसऱ्यासाठी विहिरीत बादली सोडावी इतका वेळ घ्यायचा. "बघतो... खोलून."

जमना जागची उठली. पाईप जिथं वळत होता तिथं दोन बोल्टांनी आवळलेलं एक लोखंडी झाकण होतं, तुंबलं तर साफ करायला. ते बरोबर बाईंच्या ओट्याच्या वर, छताखाली होतं. एकनाथ स्टुलावर चढणार, झाकण सैल करणार आणि वरचं सगळं पाणी त्याच्या तोंडावर येणार. नुसतं पाणी नव्हे.

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. खाली जाऊन काय सांगायचं? मोरी सोमवारपासून तुंबलीय, मी लपवली, राख टाकली, वर हे औषध टाकलं? मग आठ दिवसांत गाडीवर सामान, आणि हंसा पुन्हा दांडीला. नाही गेलं खाली तर? कदाचित तो बाजूला उभा राहून खोलेल. कदाचित औषधाचा जोर उतरला असेल. कदाचित बोल्ट गंजलेले असतील आणि निघायचेच नाहीत.

खालून पाना लोखंडावर बसल्याचा आवाज आला. टण्.

आणि जमनाला एकनाथचं तोंड दिसलं. मागे नळाचा वायसर बदलायला आला होता तेव्हा हंसा आणि ती पोट धरून हसल्या होत्या. वर बघून काम करताना एकनाथ तोंड उघडं ठेवायचा, घास भरवायला सांगितल्यासारखं, आणि डोळेही मोठे करायचा. "आई, माशी जाईल गो त्याच्या तोंडात," हंसा म्हणाली होती.

जमना जिन्यावरून कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. चपला वरच राहिल्या होत्या.

"एकनाथ, उतर! उतर रं खाली! तोंड मिट!"

"जमनाबाई, दार वाजवून यायची पद्धत—"

"बाई, त्याला उतरवा! वर कास्टिक हाय! मी टाकलंय!"

एकनाथनं कधी नव्हे ती घाई केली. तो स्टुलावरून उडी टाकून बाजूला झाला आणि मागोमाग सैल झालेल्या झाकणाच्या कडेनं थेंब सुटले. एक, दोन, मग सलग पाच-सहा. खाली ओट्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. थेंब त्याच्या झाकणावर पडले आणि तिथं फेस आला. सर्र करून बुडबुडे उठले आणि चकचकीत झाकणावर काळे डाग पडत गेले. तिघंही ते बघत राहिली. एकनाथनं हळूच आपल्या गालावरून हात फिरवला.

मग जमना जी सुटली ती थांबेचना. सोमवार, मंगळवार, छत्रीची काडी, पाठ धरलीच नव्हती, राख, लुगड्याचा तुकडा, दोनदा चाळलेली, पेज, दुधाचा डबा, चार मुठी.

पुढचं काम एकनाथनं त्याच्या चालीनं केलं. वर जाऊन मोरीतलं पाणी प्लास्टिकच्या मगानं काढलं. रामबचनकडून रबरी हातमोजे आणि कंपनीचा चष्मा मागवला. पाईपाखाली टब ठेवला आणि या खेपेला लांब बाजूला उभं राहून, तोंड घट्ट मिटून, झाकण सोडलं. दुधाळ पाणी टबात उतरलं. शेवटी वाकडा गज घालून त्यानं ओढलं तेव्हा एक करडा, जाड, वीतभर लांब गोळा बाहेर आला, विझलेल्या मेणबत्तीसारखा. वर्तमानपत्रावर ठेवून गजानं फोडला. आत राख, राखेत काथ्याचे केस, मध्ये तेल आणि भाताची खळ.

"खवला एक नाय, बगा!" जमना चटकन म्हणाली.

"बारीक केली... म्हणून बसली, मावशी," एकनाथ म्हणाला. "जाडी असती तर जाळीवरच दिसली असती. बारीक राख खाली जाते, तेलात कालवते, पेजेनं चिकटते. आमी मातीत गवत कालवून भिंत बांधतो तशी भिंत."

"मंग करायचं काय रं?"

"टोप आधी कागदानं पुसायचा. तेल कचऱ्यात, मोरीत नाय. पेज झाडाला. जाळीवर फडक्याचा तुकडा, रोज झटकायचा. आठ दिवसांनी बादलीभर ऊन पाणी." तो थांबला. सगळ्यांना वाटलं संपलं. "आणि पाणी सावकाश जायला लागलं... की त्याच दिवशी हाक मारायची. सोमवारी आलो असतो तर चहा संपायच्या आत झालं असतं. औषध टाकलंच, तर आधी बोलायचं. डोळं दोनच हायत."

बाई अजून त्या काळ्या डागांच्या झाकणाकडे बघत होत्या. जमनानं तोंडात साचलेली भीती एकदाची बाहेर काढली.

"खोली कवा खाली करू, बाई? एवढं बाळंतपण..."

"मध्ये बोलू नका." बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "मी काय सांगितलं होतं? मोरी तुंबली आणि मला सांगितलं नाही, तर खोली रिकामी. असंच सांगितलं होतं ना?"

असं त्यांनी मुळीच सांगितलं नव्हतं. एकनाथ छताकडे बघायला लागला. या वेळी तोंड मिटून.

"तुम्ही सांगितलंत," बाई म्हणाल्या. "उशिरा सांगितलंत. धावत येऊन सांगितलंत. पण सांगितलंत. आता वर जा, खिडक्या उघडा, त्या मुलीला बाहेर गॅलरीत बसवा. आणि ती राख मला दिसता कामा नये."

जमना काहीतरी बोलायला गेली, पण बाईंनी पाठ फिरवून पातेलं उचललं होतं. ती जिना चढायला लागली. अर्ध्या जिन्यात ती पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं.

वरून हंसाचा आवाज आला. "आई? काय झालं गो खाली? कोण ओरडत व्हतं?"

"काय नाय. मोरी सुटली."

हंसा पोट सावरत दारापर्यंत आली, वाकून बघितलं. "मंग रडताय कशाला?"

"वाफ लागली गो," जमना पदरानं डोळे दाबत म्हणाली. "लांब ऱ्हा तू. गॅलरीत बस. येतेय मी."

पण ती बराच वेळ आली नाही.