शंभर टक्केवाली वर्ना

वर्ना होलुबेककडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या कोटामुळे. ईस्टरच्या आधीच्या उपासांमध्ये दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात मासे तळून वाढतात. कढया सुरू होत्या, माणसं खेटून बसली होती, खिडक्यांच्या काचा वाफेनं धुरकटल्या होत्या. आणि ही बाई जाड लोकरी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून जेवायला बसलेली.

"अगं, काढ तो कोट," तिची नणंद म्हणाली. "माशांबरोबर तूही तळून निघशील."

"राहू दे. मला नाही उकडत."

"नाही कसं उकडत? नाकावरचा थेंब कोबीत पडतोय."

समोरून तिचा नवरा एमिल म्हणाला, "बिल्ला कोटाला आहे तिचा. कोट काढला तर लोकांना दिसणार कसा?"

सगळं टेबल हसलं. वर्नाही हसली, पण कोट तिनं काढला नाही.

बिल्ला करंगळीच्या नखाएवढा होता. निळा मिना, त्यावर कंपनीचं दातेरी चाक. आमच्या गावात कंपनी एकच, थ्रॉकमन. ती पाण्याचे मोठे व्हॉल्व्ह करते. निवडणुकीत कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून उमेदवाराला पैसे देता येत नाहीत, म्हणून नोकरांनी स्वखुशीनं पगारातून थोडे कापून द्यायचे आणि त्याचा निधी करायचा. 'सुशासन निधी' असं त्याचं नाव, आणि देणाऱ्याला हा बिल्ला मिळे. पण हे पैसे कंपनीनं मागायचे ते महिन्याच्या पगारावरच्या माणसांकडे. तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्यांकडे मागायचे नाहीत, असा कायद्याचा दंडक. तासावरची माणसं त्याला आपलं नशीब समजत. वर्ना तसं समजत नव्हती.

ती बरीच वर्षं पॅकिंगला उभी होती. मग डिस्पॅचमध्ये टेबल मिळालं, पगार महिन्याचा झाला, आणि त्याच शरदात निधीचा माणूस तिच्यापुढे येऊन उभा राहिला. ती संध्याकाळी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी येऊन मला सांगत होती, "बाई, माझ्याकडे मागितलं. माझ्याकडे!" तिच्या मुलीला मी चौथीत शिकवलं होतं, म्हणून आई-बापही मला बाईच म्हणत.

"पगार वाढवला आणि लगेच परत मागितला," एमिल पायरीवर बसून बूट सोडता सोडता म्हणाला. "आणि ही लग्न ठरल्यासारखी गावभर सांगत सुटलीय."

पुढच्याच वर्षी ती डिस्पॅचची कॅप्टन झाली. कॅप्टनचं काम असं, की निधीच्या आठवड्यात आपल्या विभागात टेबलोटेबली जायचं. जबरदस्ती करायची नाही. एक वाक्य मात्र म्हणायलाच हवं: हे स्वखुशीचं आहे, नाही दिलंत तरी काही बिघडणार नाही. वर्ना ते वाक्य प्रार्थनेसारखं नीट म्हणायची. म्हणून झालं की तिथंच उभी राहायची. हातात घरी केलेल्या बिस्किटांचा डबा, चेहऱ्यावर हसू.

ज्या विभागात सगळे, म्हणजे शंभर टक्के, देतील त्या विभागाला शेवटच्या दिवशी डोनट मिळत. एका वर्षी नादीन पर्किट नावाची नवी मुलगी देईना. पदरात लहान मूल, नवरा सोडून गेलेला. वर्ना रोज तिच्या टेबलाशी जाई, वाक्य म्हणे, बिस्किट ठेवी आणि उभी राही. शेवटच्या दिवशी ती काही बोललीच नाही. फक्त डोनटच्या रिकाम्या ट्रेकडे आणि मग विभागातल्या बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी नादीनकडे पाहिलं. नादीननं सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. हे वर्नानंच मला कौतुकानं सांगितलं. "भरून आलं हो तिला."

एमिल त्या काळात गोदामात होता. त्याआधी तो वाळूखोलीत असे. तिथं वाळूचा जोरदार फवारा मारून लोखंडी ओतकाम साफ करतात. टेबल मिळाल्यावर वर्नानं पहिली गोष्ट केली ती ही, की साहेबांच्या मागे लागून नवऱ्याला त्या खोलीतून बाहेर काढलं. एमिल चांगला तगडा माणूस. चिडवाचिडवी करणारा, पण कुणाचं मन मोडलं असं वाटलं की त्याच्या अंगणातला बर्फ न सांगता काढून देणारा. गोदामात जाऊन नऊ वर्षं झाली आणि तो धाप लागून जिन्याच्या मध्यावर बसू लागला. डॉक्टर म्हणाले, वाळूची धूळ आहे, जुनी आहे, फुप्फुसात बसलीय. युनियनच्या वकिलानं भरपाईचा दावा लावून दिला.

आणि त्याच हिवाळ्यात 'रोजगार-रक्षण विधेयक' राज्याच्या सभागृहात आलं. धुळीचं काम सोडल्यावर सहा वर्षांच्या आत दावा केला तरच तो धरायचा, असं त्यात होतं. आजार कळला कधी, याला किंमत नाही. निकाल न लागलेले दावेही त्यातच येणार होते. वर्नाला हे नाव पाठ होतं. निधीच्या पत्रकात ते पहिल्या पानावर असे, आणि आपला निधी कशासाठी असं कुणी विचारलं की ती तेच सांगे. आत काय आहे ते तिला वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

विधेयक मांडणारा डेल ऑस्टरहाउट आमच्याच गावचा प्रतिनिधी. निधीचा सगळ्यात लाडका.

"डेल काही वाईट नाही," वर्ना माझ्या स्वयंपाकघरात म्हणाली. "त्याला माहीत नसेल. एक ओळ घातली की झालं, ज्यांनी आधीच दावा लावलाय त्यांना वगळावं म्हणून. आठ वर्षं मी त्याच्यासाठी गोळा केलंय, बाई. एक ओळ नाही घालणार?"

काय बोलायचं ते तिनं माझ्यापुढे उभं राहून तीनतीनदा म्हणून दाखवलं. मी दोन ठिकाणी वाक्यं आखूड करायला सांगितली.

मे महिन्यात निधीच्या कॅप्टनांना न्याहारी असते. डेलही चौथीत माझ्याकडे होता, म्हणून त्याची जुनी शिक्षिका या नात्यानं मला बोलावणं होतं. कंपनीला असल्या गोष्टी आवडतात. डेल लहानपणी कुणाला पाडलं की पाण्याचा पेला घेऊन सगळ्यांत आधी धावायचा. तो दारातच उभा होता.

"वर्ना होलुबेक! डिस्पॅच! शंभर टक्के!" त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्यामागे कंपनीचे मिस्टर ब्लँडफर्ड हळूच नावं सांगत होते.

भाषण झालं. कुणाला काही विचारायचंय का, असं डेल म्हणाला. असं म्हणायची रीत असते, विचारायची नसते. वर्ना उभी राहिली.

"एक ओळ घालायची होती," ती म्हणाली. पाठ केलेलं सगळं विसरली होती. "त्या विधेयकात. माझा नवरा एमिल वाळूखोलीत होता. मीच काढला त्याला तिथून. त्याला नऊ वर्षं झाली. आता त्याला जिना चढवत नाही. आधी दावा लावलेल्यांना वगळा, एवढंच. आम्ही आठ वर्षं तुम्हाला देतोय."

 डेलचा चेहरा इतका मायाळू झाला की क्षणभर मलाही आशा वाटली.

"वर्ना," तो म्हणाला, "तुमच्यासारखी मनानं बोलणारी माणसं आहेत, म्हणून तर मी हे काम करतो. एमिलला माझा नमस्कार सांगा."

मिस्टर ब्लँडफर्डनी टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. वर्ना टाळ्या संपेपर्यंत उभीच होती. उत्तर अजून यायचंय असं तिला वाटत होतं.

मग ब्लँडफर्ड कॉफीची किटली घेऊन आमच्या टेबलाशी आले. तिच्या कपात त्यांनी स्वतः कॉफी ओतली.

"वर्ना, पैसे देतो त्या सभेत काम सांगायचं नसतं. एका श्वासात दोन्ही आलं की कायदा त्याला लाच म्हणतो. आज तुम्ही डेलला तुरुंगाच्या दारात उभं केलंत."

"मग सांगायचं कुठं?"

"त्यासाठी राजधानीत आपले वकील असतात."

"त्यांना सांगा ना मग एमिलचं."

"ते विधेयक त्यांनीच लिहून दिलंय, वर्ना," ब्लँडफर्ड म्हणाले. "साखर किती?"

निघताना डेलनं माझा कोट मला घालायला धरला. "बाई, तुम्ही अजून तशाच दिसता."

"डेल, एमिलचं काहीतरी बघ."

"कोण एमिल?" तो म्हणाला, आणि मला अगदी काळजीपूर्वक पायरीवरून उतरवलं.

जूनमध्ये विधेयक पास झालं, एक शब्दही न बदलता. एमिलचा दावा फेटाळला गेला. त्याच्याबरोबरचे जे दोघे वाळूखोलीतच राहिले होते, त्यांचे दावे टिकले. आधी एमिल हे हसत सांगे: "बायकोनं वशिला लावून बाहेर काढला नसता तर मी आज पैसेवाला असतो." नंतर तो ते न हसता म्हणू लागला, आणि मग पाहुणे असतानाच म्हणू लागला. वर्ना उठून ताटं गोळा करी.

कॅप्टनपद अर्थातच गेलं. शिक्षा म्हणून नव्हे; तिच्यावर घरचा ताण आहे, असं कंपनी म्हणाली. शरदात डिस्पॅचची कॅप्टन नादीन झाली. ती पहिल्याच दिवशी वर्नाच्या टेबलाशी आली.

"हे स्वखुशीचं आहे, वर्ना. नाही दिलंत तरी काही बिघडणार नाही."

आणि उभी राहिली.

एमिलचा दवाखाना, औषधं, ऑक्सिजन, सगळं वर्नाच्या नोकरीच्या विम्यावर चालतं. काही बिघडणार नाही या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याला कसा लागतो, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं मान वर न करता सही केली. मला सांगताना ती फक्त इतकंच म्हणाली, "बिस्किटं दुकानातली होती हो. घरी केलेली नव्हती."

एमिलला सरकारी विमा मिळायला अजून तीन वर्षं आहेत. तोवर वर्नाला नोकरी सोडता येत नाही. एमिलची खाट आता खाली पुढच्या खोलीत आहे. दुपारच्या सुट्टीत ती घरी येते, त्याचं ऑक्सिजनचं यंत्र बघते, सूप गरम करून ठेवते आणि परत कामावर जाते. तो तिच्याशी बोलत नाही.