गयाबाईंच्या डोळ्याची पावर

गयाबाई टेबलावर आडव्या झाल्या होत्या. डोक्याला हिरवी टोपी, अंगावर हिरवं कापड. डॉक्टर हातमोजे घालून, दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. पण सुरुवात करत नव्हते.

“आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“गयाबाई.”

“पूर्ण सांगा.”

गयाबाईंनी पुन्हा तेवढंच सांगितलं, “गयाबाई.”

मी भोकरदनच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटला टोपी-गाऊन घालायचा, आत आणायचं, बाहेर न्यायचं, हे माझं काम. मला सगळे मावशी म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून तिथं नवीन बसवायचं. नवीन भिंगाला लेन्स म्हणतात. मसुराच्या डाळीएवढी असते. ती घडी करून आत सोडतात आणि आत गेली की ती हळूहळू आपली आपण उलगडते. बाजूच्या टीव्हीवर ते मोठं होऊन दिसतं. कितीदा पाहिलं तरी तेवढा वेळ मी हातातलं काम सोडून बघते.

प्रत्येक डोळ्याची लेन्स वेगळी. आधी मशीनवर डोळा मोजतात, मग लेन्सची पावर ठरते. पावर हा शब्द मला लग्नाआधीपासून माहीत होता, पण विजेसाठी. गावात ‘पावर आली’ म्हटलं की माणसं मोटार चालू करायला वावराकडं निघत. इथं आल्यावर कळलं की पावर लेन्सला असते, गोळीलाही असते. आणि चेकवर सही करायची पावर फक्त दवाखान्याच्या मोठ्या मॅडमला असते. आपल्या मराठीत वीज, जोर, अधिकार अशी एकेका कामाला वेगळी माणसं ठेवलेली. इंग्रजीत एकटीच बाई सगळं घर सांभाळते. मला त्या शब्दाचं फार नवल वाटायचं.

लेन्सची पावर चुकली तर काय होतं, ते मी सिस्टरकडून ऐकलं होतं. पट्टी निघाल्यावरही पेशंटला अंधुकच दिसतं. मग डोळा परत उघडून लेन्स बदलावी लागते, आणि म्हाताऱ्या डोळ्याला दुसऱ्यांदा झेपेलच असं नसतं.

म्हणून डॉक्टरांचा एक नियम होता. पेशंटचं नाव आपण वाचून दाखवायचं नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, पूर्ण. दारातच सिस्टरनं विचारलं होतं, गयाबाई ना? धावड्याच्या ना? उजवा डोळा ना? तिन्हीला ‘हा’ आला होता.

“मालकांचं नाव काय आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“आता ते काय सांगू बाप्पा. फायलीत हाय की लिहेल.”

“फायलीतलं नको. तुम्ही सांगा.”

“मह्या सासूनं बी कव्हा मह्या तोंडून न्हाई ऐकलं.”

सिस्टर म्हणाली, सर, बाहेर अजून पेशंट आहेत, मी वाचते, त्या हो म्हणतील. डॉक्टर म्हणाले, त्या कशालाही हो म्हणतील, तीच तर अडचण आहे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “मावशी, तुम्ही बोला.”

मी ऑपरेशनच्या खोलीत कधी तोंड उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्याचं नाव मीही कधी घेत नाही. पण मी खाली वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, “आक्का, लग्नात तर घेतलं असंल ना नाव? तसंच घ्या. घास भरवताना घेतलं तसं.”

“इथं? निजून?”

“निजून चालतं.”

मग टोपीखालून बारीक आवाज आला.

“हिरव्या टोपीत बांधलं डोस्कं, दिसंना मला काई, सोपानरावांचं नाव घेते, डाक्टराला झाली घाई.”

डॉक्टर मास्कमध्ये हसले. सिस्टर हसली नाही. तिच्या हातातल्या फायलीवर रंगनाथ लिहिलेलं होतं.

त्या दिवशीच्या यादीत गयाबाई दोन होत्या. ट्रेवर लेन्सची डबी काढून ठेवलेली होती. ती रंगनाथरावांच्या गयाबाईची होती. दोघींच्या पावरमध्ये बराच फरक होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, डबी परत ठेवा.

मी बाहेर गेले. बाकड्यावर दुसऱ्या गयाबाई बसल्या होत्या. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, डोळाही उजवाच. आतल्या बाईंची चुलत जाऊ. पुकारलं तेव्हा उठल्या का नाही, म्हणून मी विचारलं.

“मोठ्या बाई बसल्या असताना मी कशी उठू? त्याह्यचा मान आधी.”

म्हणजे नंबर धाकटीचा होता आणि मान मोठीचा. हातावरच्या पट्टीवर आम्ही नाव, गाव आणि डोळा एवढंच लिहीत होतो. त्या पट्टीत दोघी एकच बाई होत्या.

मग सोपानरावांची फाईल आली, त्यांच्या गयाबाईची डबी आली. सिस्टरनं पावर मोठ्यानं वाचली, डॉक्टरांनी पुन्हा वाचली. ऑपरेशन निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. मशीन बॅटरीवर चालतच राहिलं. टीव्हीवर लेन्स उलगडत होती, आणि मी भिंतीला टेकून बघत होते.

काम झाल्यावर डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “या खोलीत ऑपरेशन थांबवायची पावर सगळ्यांना आहे मावशी. तुम्हाला पण.” मी मान हलवली. अशीही एक पावर असते आणि ती माझ्याकडं असू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. घरी जाईपर्यंत तेच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या. मोठ्या गयाबाईंनी आधी छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग शेजारी बसलेल्या जावेकडं. तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

“गया, तुहे केस कव्हा पिकले गं?”

“तुमच्या संगंच पिकले बाई,” धाकटी म्हणाली.

त्या आठवड्यापासून हाताच्या पट्टीवर नवऱ्याचं किंवा बापाचं नावही लिहितात. बाईनं ते सांगितलं नाही तर मला बोलावतात. एवढ्या वर्षांत मी एक शिकले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईचा ‘हा’ म्हणजे ‘ऐकू आलं’ असा असतो. उत्तर पाहिजे असेल तर पुन्हा विचारावं लागतं.