हिरव्याला थांबणारे टांगे

टांगा लॉरीला भिडला तेव्हा दिव्यांच्या दोऱ्या माझ्याच हातात होत्या.

मी सोलापूरला म्युनिसिपालिटीत ओव्हरसियर होतो. तीस सालानंतरची गोष्ट. गिरणी सुटली की आमच्या चौकात टांगे, बैलगाड्या आणि नव्या मोटारलॉऱ्यांची झुंबड उडे. म्हणून इंजिनियर साहेबांच्या हुकुमाने मी खांबावर चार बाजूंना चार कंदील बसवले. रेल्वेच्या भंगारातले, चांगले दणकट. दोरी ओढली की कंदिलापुढची काच बदले. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला. यात न कळण्यासारखं काय आहे?

पहिल्याच संध्याकाळी टांगे हिरव्याला थांबू लागले आणि लाल दिसताच सुटू लागले. लॉऱ्या मात्र हिरव्यावरच निघत. मला वाटलं, दोऱ्या उलट बांधल्या. खांबावर चढून पाहिलं, बरोबर होत्या. खाली उतरलो तर पुन्हा तेच! डोकं चालेना.

"रंग फार झटकन बदलतो," साहेब म्हणाले. "मध्ये दहा आकडे मोजेपर्यंत चारी बाजू लाल ठेवा. चौक रिकामा होईल."

दुसऱ्या दिवशी तसं केलं. तीन म्हणतोय तोच चारी रस्त्यांनी टांगे आत घुसले. आधीच्या हिरव्यावर निघालेली लॉरी अजून मध्येच होती. म्हाताऱ्या सिद्धप्पाचा टांगा तिला धडकला. दांडी मोडली, घोड्याचा गुडघा फुटला. म्हातारा घोड्याचा पाय धरून रस्त्यातच रडत बसला.

"लाल असताना हाकतो म्हणजे काय? याचा बिल्ला काढून घ्या," साहेब म्हणाले. बिल्ला म्हणजे टांगा चालवायचा परवाना. तो गेला की चूल बंद. रिपोर्ट मी लिहायचा होता.

लिहिण्याआधी सिद्धप्पाला विचारलं, "लाल दिसत होता ना? मग टांगा घातलास कशाला?"

"मग कवा घालायचा, मालक? टेसनाच्या फाटकातनं वीस वर्सं जातोय की. तितं हिरवा झाला म्हंजी गाडी येती, आमी थांबतो. लाल झाला की गाडी गेली, रस्ता मोकळा. हितं तुमी त्योच दिवा लावलाय न्हवं?"

सिग्नलचा हिरवा आगगाडीसाठी असतो, टांग्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण सुचलं नव्हतं.

"बरं, आता चौकात उलटं शिका," मी म्हटलं. "हिरव्याला निघायचं."

"शिकतो की. पर मग फाटकावर काय करू?"

मी कागद पुढे ओढला. रिपोर्टात लिहिलं, 'चूक टांगेवाल्याची नाही, दिवा लावणाऱ्याची.'

"म्हणजे तुमची?" साहेबांनी विचारलं.

"होय. आणि दहा आकड्यांचा हुकूम कोणाचा, तेही खाली लिहिलंय."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. सिद्धप्पाचा बिल्ला राहिला, माझी बढती राहून गेली. कंदील उतरवून चौकात हात वर करणारा शिपाई उभा केला. नवा दिवा लावण्याआधी, जुना दिवा पाहून लोक काय करतात ते विचारावं. मी विचारलं, पण घोड्याचा गुडघा फुटल्यावर.